जुनी मराठी फाइल उघडली की अक्षरांचा काला होतो: निदान आणि कायमचा उपाय

गेली अनेक वर्षे मी एका लहान सार्वजनिक वाचनालयाच्या संगणकाचे काम पाहतो. तिथली दाखल नोंदवही नव्वदच्या दशकाच्या अखेरीस संगणकावर चढवली गेली आणि तेव्हापासून संगणक बदलला की दर वेळी तीच तक्रार आली: फाइल उघडते, ओळी आणि रकाने जागच्या जागी असतात, पण मराठीच्या ठिकाणी इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग दिसते. दर वेळी कोणीतरी जुना फॉन्ट शोधून आणत असे, तो बसवला की अक्षरे पुन्हा मराठी दिसत आणि सगळ्यांना काम झाले असे वाटे. तीन-चार वर्षांनी संगणक बदलला की तोच प्रकार पुन्हा होई. फॉन्ट बसवल्याने फक्त दिसणे सुधारते, फाइलमधला मजकूर आहे तसाच राहतो, म्हणून ही तक्रार परत परत येते. मजकूर एकदा नीट बदलून घेतला तर ती कायमची थांबते, आणि त्यासाठी लागणारी सर्व साधने विनामूल्य मिळतात.

घाईने कोणतेही साधन वापरण्यापूर्वी बिघाड नेमका कोणत्या जातीचा आहे हे ओळखावे, कारण एका जातीवरचा उपाय दुसऱ्या जातीची फाइल कायमची खराब करू शकतो. त्याआधी मूळ फाइलची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि तिच्या गुणधर्मांत जाऊन ती ‘फक्त वाचण्यासाठी’ करून टाकावी. पुढचे सर्व प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करावेत.

बिघाड ओळखण्याच्या खुणा

फाइल लिबरऑफिसमध्ये उघडावी. हा कार्यालयीन संच 2010 मध्ये ओपनऑफिसपासून वेगळा झाला, आणि त्याचा मराठी मेन्यूही उपलब्ध आहे. बिघडलेल्या शब्दावर कर्सर ठेवून वरच्या पट्टीतल्या फॉन्टच्या चौकटीकडे पाहावे. तिथे कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी, आकृती किंवा सीडॅक या सरकारी संगणक-संस्थेच्या संचासोबत आलेले सुरेख, योगेश यांपैकी एखादे नाव दिसत असेल आणि ते तिरप्या अक्षरांत असेल, तर तो फॉन्ट या संगणकावर नाही, इतकेच लिबरऑफिस सांगत आहे. हा पहिला प्रकार असून मराठी कार्यालयांत सर्वांत जास्त हाच आढळतो.

दुसऱ्या प्रकारात अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. इथे मजकूर शाबूत असतो, फक्त देवनागरी दाखवणारा फॉन्ट संगणकावर नसतो. नोटो सान्स देवनागरी, मुक्ता किंवा लोहित यांपैकी कोणताही मोफत फॉन्ट बसवला की प्रश्न संपतो. याहून जास्त काही करू नये.

तिसरा प्रकार माहिती-पत्रकांत, विशेषतः सीएसव्ही फाइलींत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलींत) दिसतो. डोक्यावर तिरपी रेघ असलेला इंग्रजी ए, त्याच्यामागे चार कोपऱ्यांना टोके फुटलेले चलनाचे चिन्ह किंवा जपानी येनचे चिन्ह, आणि हीच जोडी प्रत्येक अक्षरागणिक पुन्हा पुन्हा आलेली दिसते. ही खूण एकदा ओळखली की विसरता येत नाही. चौथ्या प्रकारात सर्वत्र नुसती प्रश्नचिन्हे असतात. पाचव्यात अक्षरे मराठीच असतात, पण वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळावर टांगलेली दिसते किंवा जोडाक्षरे सुटी झालेली असतात. पीडीएफमधून मजकूर उचलून चिकटवला की बहुधा हे होते.

प्रश्नचिन्हांबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण त्यावर उपाय नाही. मराठी मजकूर आन्सी या मोजक्याच अक्षरांचा तक्ता असलेल्या जुन्या पद्धतीने जतन केला की ज्या अक्षरांना त्या तक्त्यात जागा नसते त्यांच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिले जाते. मूळ अक्षर फाइलमध्ये उरतच नाही, त्यामुळे कोणतेही साधन ते परत आणू शकत नाही. जुनी प्रत, ईमेलला जोडलेली फाइल किंवा छापील कागद शोधणे एवढाच मार्ग उरतो. विंडोजमधले नोटपॅड 2019 पासून यूटीएफ-8 ही सर्व लिप्यांची अक्षरे साठवणारी पद्धत आपोआप वापरते. त्याआधीच्या संगणकावर काम चालू असेल तर जतन करताना खालच्या चौकटीत ती पद्धत हाताने निवडावी लागते.

पहिला प्रकार: जुन्या फॉन्टमधला मजकूर

इथे जरा सविस्तर लिहावे लागेल, कारण बिघाडाचे मूळ समजल्याशिवाय उपायातल्या चुका पकडता येत नाहीत. जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे साठवलेली नसतातच. तिथे इंग्रजी अक्षरे साठवलेली असतात आणि फॉन्ट त्या इंग्रजी अक्षरांचे चित्र बदलून मराठी दाखवतो. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द लिहिला तर फाइलमध्ये प्रत्यक्षात लहान ई, लहान जे, लहान के, मोठा बी आणि लहान एच एवढेच असते. संगणकाला तो मराठी शब्द आहे हे ठाऊकच नसते. त्यामुळे शोध लागत नाही, वर्णक्रम लागत नाही, शुद्धलेखन तपासता येत नाही. आमच्या वाचनालयाच्या एका दृष्टिहीन सभासदांनी पुस्तकांची यादी मागितली, तेव्हा एनव्हीडीए या मोफत वाचक-सॉफ्टवेअरने त्यांना प्रत्येक पुस्तकाचे नाव इंग्रजी अक्षरांच्या अर्थहीन उच्चारांत ऐकवले. त्याच वेळी पडद्यावर मात्र अक्षरे अगदी सुबक दिसत होती, कारण आम्ही नुकताच जुना फॉन्ट बसवला होता. त्या दिवशी मी ही यादी मुळापासून बदलण्याचे ठरवले.

प्रत्येक फॉन्टकाराने कोणत्या इंग्रजी अक्षरामागे कोणते मराठी चित्र ठेवायचे हे आपापल्या सोयीने ठरवले होते, म्हणून कृतिदेवचा मजकूर शिवाजीत वाचता येत नाही. युनिकोड या जागतिक मानकाने देवनागरीतल्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा कायमचा क्रमांक दिला. केंद्र सरकारनेही 2009 मध्ये भारतीय भाषांतल्या ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच मानक स्वीकारले. आपल्याला जुना मजकूर या क्रमांकांत आणायचा आहे.

साधे ‘शोधा आणि बदला’ वापरून हे होत नाही, हा धडा मी एक पूर्ण आठवडा घालवून शिकलो. जुना फॉन्ट अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवतो आणि युनिकोड उच्चाराच्या क्रमाने साठवतो. ‘कि’ लिहिताना जुन्या फाइलमध्ये आधी वेलांटी येते आणि मग क येतो. युनिकोडमध्ये आधी क आणि मग वेलांटी असते. ‘सर्व’ या शब्दातला रफार जुन्या फाइलमध्ये व नंतर असतो, युनिकोडमध्ये तो व च्या आधी, र आणि हलन्त या रूपात येतो. ‘स्थिती’ या शब्दात पहिली वेलांटी संपूर्ण जोडाक्षर ओलांडून मागे न्यावी लागते. म्हणून ही अदलाबदल समजणारा रूपांतरकच वापरावा लागतो.

असे रूपांतरक मोफत मिळतात आणि बहुतेक ब्राउझरमध्ये चालतात. निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे तो नेमक्या आपल्या फॉन्टसाठी बनवलेला असावा. श्रीलिपीच्या मजकुरावर कृतिदेवचा रूपांतरक चालवला तर अर्धी अक्षरे बरोबर आल्यासारखी वाटतात, आणि हा आभास फार महागात पडतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सभासदांचे पत्ते, दस्तऐवज, न्यायालयीन कागद अनोळखी संकेतस्थळावर चिकटवू नयेत. कित्येक रूपांतरक एकाच पानात पूर्ण सामावलेले असतात. असे पान संगणकावर जतन करावे, इंटरनेट बंद करावे आणि मग ते उघडून एक ओळ बदलून पाहावी. तरीही काम होत असेल तर मजकूर आपल्या संगणकाबाहेर जात नाही याची खात्री पटते.

रूपांतर करण्यापूर्वी मजकुरातला खरा इंग्रजी भाग वेगळा काढणे अत्यावश्यक आहे. रूपांतरकाला फॉन्टचे नाव कळत नाही, त्याच्यासमोर फक्त अक्षरे असतात, त्यामुळे तो लेखकाचे इंग्रजी नाव किंवा ईमेलचा पत्ताही मराठी समजून बदलून टाकतो. लिबरऑफिस रायटरमध्ये ‘फाइंड अँड रिप्लेस’ची खिडकी उघडून ‘अदर ऑप्शन्स’खालच्या ‘फॉरमॅट’ या बटणात शोधण्यासाठी फॉन्टचे नाव देता येते. जुन्या फॉन्टचे नाव देऊन ‘फाइंड ऑल’ केले की त्या फॉन्टमधला सर्व मजकूर एकदम निवडला जातो. त्याला एखादा ठळक रंग द्यावा. रंगीत ते बदलायचे आणि काळे ते तसेच ठेवायचे, अशी विभागणी डोळ्यांसमोर तयार होते. त्यानंतर परिच्छेदागणिक काम करावे. मोठ्या दस्तऐवजाचे रूपांतर एका घासात करण्याचा मोह होतो, पण चूक कुठे शिरली हे मग सापडत नाही. नोंदवहीसारख्या तक्त्यात हे काम सोपे असते, कारण तिथे एकेक रकाना पूर्णपणे मराठी किंवा पूर्णपणे इंग्रजी असतो, आणि रकाना उचलून रूपांतरकात टाकून तितक्याच ओळींचा परत चिकटवता येतो. ओळींची संख्या आधी आणि नंतर मोजावी. एक ओळ जरी इकडची तिकडे झाली तरी खालच्या सर्व पुस्तकांना चुकीचे लेखक मिळतात.

सर्वांत कसोशीने तपासायचे ते आकडे आणि विरामचिन्हे. कृतिदेवमध्ये पूर्णविरामाचा ठिपका हवा असेल तर इंग्रजी आडव्या रेघेची कळ दाबावी लागते, आणि तारखेतली तिरपी रेघ ईमेलच्या ‘ॲट’ चिन्हाच्या जागी बसवलेली आहे. त्यामुळे मजकुराचा एखादा तुकडा रूपांतरातून सुटला तर साडेबाराशे रुपयांच्या आकड्यात दशांशचिन्हाऐवजी रेघ उरते आणि तारखांमध्ये ‘ॲट’ दिसू लागते. किमतीचा आणि तारखेचा रकाना मी अजूनही हाताने, कागदाशी ताडूनच तपासतो.

त्यानंतर खास मराठी जागा तपासाव्यात, कारण पुष्कळ रूपांतरक हिंदी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून लिहिले गेले आहेत. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांतला अर्धा र अनेकदा रफार होऊन येतो आणि ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते. दोन्ही शब्द खरे असल्याने शुद्धलेखन तपासनीसही ते पकडत नाही. ‘ॲ’ची अडचण वेगळी आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली स्वतंत्रपणे आले. त्याआधी अ वर चंद्र ठेवून ते बनवत असत, आणि बरेच रूपांतरक आजही तसेच बनवतात. दिसायला दोन्ही सारखीच असतात, पण एका पद्धतीने शोधले तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले सापडत नाही. रूपांतर झाल्यावर ‘फाइंड अँड रिप्लेस’ने सर्वत्र एकच रूप करून घ्यावे. इथे मात्र साधे ‘शोधा आणि बदला’ चालते.

फॉन्ट कोणता हेच कळत नसेल, किंवा त्याचा रूपांतरक मिळत नसेल, तर अक्षरे ओळखण्याचा मार्ग आहे. जुन्या संगणकावर फाइल नीट दिसत असेल तर ती छापावी किंवा पीडीएफ करून तिच्या प्रतिमा काढाव्यात, आणि त्या टेसरॅक्ट या मोफत अक्षर-ओळख प्रणालीला द्याव्यात. तिच्यासाठी मराठीची वेगळी माहिती-फाइल मिळते. आज्ञा टंकायच्या नसतील तर जीइमेजरीडर हा तिचा खिडकीवजा अवतार बसवावा, त्यातूनच मराठी भाषा उतरवून घेता येते. प्रतिमा इंचाला 300 ठिपक्यांची आणि सरळ असावी. स्वच्छ छपाईवर निकाल चांगला येतो. अनुस्वार आणि रफार मात्र डोळ्यांखालून घालावेच लागतात.

पेजमेकर या पानांच्या मांडणीच्या जुन्या कार्यक्रमात अडकलेले जुने अंक, स्मरणिका, वार्षिक अहवाल यांबद्दल मला वारंवार विचारले जाते. लिबरऑफिसला 2015 पासून पेजमेकरच्या फाइली उघडता येतात. पानाची मांडणी थोडी विसकटते, पण मजकूर हाती लागतो, आणि तेवढाच आपल्याला हवा असतो. एकदा तो युनिकोडमध्ये आला की पानांची मांडणी स्क्रायबस या मोफत मांडणी-कार्यक्रमात करावी. स्क्रायबसची जुनी 1.4 ही आवृत्ती देवनागरी जोडाक्षरे जुळवू शकत नाही, त्यामुळे 1.6 किंवा त्यापुढचीच आवृत्ती घ्यावी. हे ठाऊक नसल्याने पुष्कळांनी तो कार्यक्रम एकदा पाहून कायमचा सोडून दिला, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तिसरा प्रकार: चलनाच्या चिन्हांची रांग

युनिकोडमधले प्रत्येक देवनागरी चिन्ह यूटीएफ-8 पद्धतीत तीन बाइट घेते. वाचणाऱ्या कार्यक्रमाने ते तीन बाइट म्हणजे तीन वेगळी पाश्चात्त्य अक्षरे आहेत असे मानले की वर सांगितलेली रांग दिसते. सीएसव्ही फाइलवर दोनदा टिचकी मारून ती थेट उघडली की हे पुष्कळदा घडते. मूळ फाइल अजून शाबूत असते, म्हणून घाबरून काहीही जतन करू नये. खिडकी बंद करावी आणि तीच फाइल लिबरऑफिसच्या कॅल्क या तक्त्यांच्या कार्यक्रमातून उघडावी. कॅल्क उघडण्यापूर्वी अक्षरसंच विचारतो, तिथे यूटीएफ-8 निवडावे. खाली नमुना दिसतो. तो मराठीत आला की मगच पुढे जावे.

बिघडलेल्या अवस्थेतच कोणी ती जतन केली असेल तर काम अवघड होते. उलट रूपांतर करून मजकूर परत येतो असे पुष्कळदा सांगितले जाते, पण ते पूर्ण खरे नाही. हलन्त, ऱ्हस्व उकार, ए, ऐ आणि झ यांचा तिसरा बाइट विंडोजच्या जुन्या पाश्चात्त्य तक्त्यातल्या रिकाम्या जागेवर पडतो, आणि बरेच कार्यक्रम तो गाळून टाकतात. परत आलेल्या मजकुरात मग नेमकी जोडाक्षरे आणि ऱ्हस्व उकार हरवलेले असतात. सभासदांच्या यादीत अशी नावे दुरुस्त करत बसण्यापेक्षा मूळ सीएसव्ही पुन्हा मागवणे केव्हाही बरे.

साध्या मजकुराच्या फाइलीसाठी नोटपॅड++ चांगले आहे, मात्र त्याच्या एन्कोडिंग मेन्यूतले दोन सारखे वाटणारे पर्याय गोंधळ करतात. वरच्या गटातला पर्याय बाइट तसेच ठेवून ते कसे वाचायचे एवढेच बदलतो, ‘कन्व्हर्ट टू’ने सुरू होणारा पर्याय बाइटच बदलतो. आधी वरच्या गटातून योग्य पद्धत निवडून मराठी नीट दिसते का ते पाहावे, आणि दिसू लागल्यावरच ‘कन्व्हर्ट टू यूटीएफ-8’ करून जतन करावे. हा क्रम उलटा झाला तर चुकीचे वाचनच कायमचे होऊन बसते.

पीडीएफमधून उचललेला मजकूर

पीडीएफ ही छापण्यासाठी केलेली फाइल आहे. तिच्यात कोणते चित्र पानावर कुठे बसवायचे याची नोंद असते. जोडाक्षराच्या चित्रामागे मूळ वर्ण कोणते होते ही माहिती अपुरी असली की वेलांट्या आणि हलन्त भरकटतात. मूळ फाइल मिळत असेल तर मागावी, नसेल तर टेसरॅक्टचा मार्ग घ्यावा. आपण स्वतः पीडीएफ पाठवणार असू तर लिबरऑफिसमधून निर्यात करताना ‘हायब्रिड पीडीएफ’ हा पर्याय टिकमार्क करावा. मग मूळ दस्तऐवजही त्याच पीडीएफच्या पोटात जातो. वाचणाऱ्याला साधी पीडीएफ दिसते आणि लिबरऑफिसमध्ये उघडणाऱ्याला संपादन करता येणारा मराठी मजकूर मिळतो. आमच्या वाचनालयाची सर्व परिपत्रके आता अशीच जातात.

पुन्हा होऊ नये म्हणून

लिबरऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स आणि त्यातल्या भाषांच्या विभागात जाऊन ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करावे आणि तिथे मराठी निवडावी. हिंदी निवडलेली राहिली तरी अक्षरे दिसतात, म्हणून याकडे दुर्लक्ष होते. पण ज्या फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी व हिंदी अशी दोन्ही वळणे असतात, तो फॉन्ट कोणते वळण दाखवायचे हे या भाषेवरूनच ठरवतो. राज्य शासनाच्या 2022च्या वर्णमालेच्या निर्णयात सांगितलेले पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श पडद्यावर येत नसतील तर फॉन्ट बदलण्याआधी ही नोंद पाहावी.

टंकलेखनासाठी विंडोजमध्येच मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीचा मानक) कळफलक असतो, आणि 2019 पासून उच्चारानुसार लिहायचा मराठी फोनेटिक कळफलकही आहे. ज्यांचा हात टंकयंत्राच्या रेमिंग्टन मांडणीवर बसला आहे, त्यांनी ती सोडण्याची गरज नाही. युनिकोडमध्ये लिहिणारे रेमिंग्टन कळफलकही मोफत मिळतात. हे मुद्दाम सांगतो, कारण कित्येक कार्यालयांत अनुभवी टंकलेखक केवळ बोटांच्या सवयीमुळे जुन्या फॉन्टला धरून राहतात आणि त्यांना हा पर्याय कोणी दाखवलेलाच नसतो. सवय तशीच ठेवून फाइल मात्र युनिकोडमध्ये तयार होऊ शकते.

मूळ जुनी फाइल पुसून टाकू नये. तिच्यासोबत तिचा फॉन्ट आणि छापील पानाची एक पीडीएफ एकाच फोल्डरमध्ये ठेवावी. एखाद्या नावाबद्दल शंका आली की ती पीडीएफ उघडून ताडता येते. नव्या फाइलची शेवटची चाचणी म्हणून मी कॅल्कमध्ये क्रमवारीच्या पर्यायांत मराठी भाषा निवडून पुस्तकांची नावे वर्णक्रमाने लावतो. सुटलेली इंग्रजी अक्षरे, पुढे उरलेली एकटी वेलांटी आणि रिकाम्या जागेने सुरू होणारी नावे यादीच्या सुरुवातीला किंवा शेवटी एकत्र गोळा होतात, आणि उरलेल्या चुका एका नजरेत दिसतात. आमच्या नोंदवहीत अशी एक्केचाळीस नावे निघाली. ती दुरुस्त करून यादी पुन्हा त्या सभासदांना दिली, तेव्हा एनव्हीडीएने पहिले पुस्तक मराठीत वाचले.